चार दहा ते चार तेरा

१२ जानेवारी

ताई,

नमस्कार. तुझे गुडघे आणि भाऊजींचा राग, दोन्हींना उतार पडला असेल अशी आशा करतो. इकडे आम्ही बापलेक ठीक आहोत. स्वयंपाक आलटून पालटून करतो, म्हणजे एक दिवस आप्पा करतात आणि दुसऱ्या दिवशी मी केलेला आप्पा दुरुस्त करतात.

मंगळवारचा अंक सोबत आहे. चौथ्या पानावर माझं ‘फावल्या वेळात’. अशिलं कमी आणि फावला वेळ जास्त म्हणून सदर जोरात चाललंय, हे तू म्हणायच्या आत मीच म्हणून टाकतो. तुला चष्मा शोधायला लागू नये म्हणून त्यातला आप्पांच्या जिवावर लिहिलेला तुकडा इथेच उतरवतो:

‘रविवारच्या अंतिम सामन्यात आपला सलामीवीर अठ्ठेचाळीसवर खेळत होता. बरोबर चार वाजून दहा मिनिटांनी प्रमुख पाहुणे, म्हणजे आपले नगराध्यक्ष, खुर्चीवर कोट ठेवून उठले. गाडी बाहेर काढायला मैदानाला एकच फाटक, तेही पलीकडच्या टोकाला. गाडी मैदानातून गेली, खेळ तीन मिनिटं थांबला आणि पुढच्याच चेंडूवर सलामीवीर त्रिफळाचीत. अध्यक्ष गेले, मागोमाग चषकही गेला. वहीत मात्र बळी गोलंदाजाच्या नावावर मांडलाय. हा अध्यक्षांवर अन्याय आहे.’

आप्पांनी वाचलं आणि म्हणाले, “बाकी सगळं फुगवलंयस. वेळ तेवढी बरोबर आहे.” जन्मभर तारमास्तरकी केली, आता बावीस वर्षं क्लबचे गुणलेखक. खेळ थांबला की कारण आणि वेळ लिहायचीच हा त्यांचा शिरस्ता. कुत्रं आलं, चेंडू गटारात गेला, पंचांना शिंका आल्या, सगळं वहीत असतं.

बाकी गावात नवीन काही नाही. बसस्टँडच्या घड्याळाचं उद्घाटन झालं, घड्याळ दुसऱ्या दिवशी बंद पडलं. रविवारीच संध्याकाळी पाणीखात्यातल्या एका कारकुनाला गोदामामागे कुणीतरी बेदम मारलं. पाइपांच्या खरेदीचे कागद त्यानं कुणाला तरी दाखवले होते म्हणतात. बिचारा इस्पितळात आहे.

तुझा,
धाकटा

१७ जानेवारी

धाकट्या,

अंक मी वर्गणी भरून मागवते हे तू दरवेळी विसरतोस, पण असो. मंगळवारचा मी कामावर वाचला, एक्स-रेच्या फिल्मा वाळत होत्या तेवढ्यात. अध्यक्षांवर अन्याय वाचून इतकी हसले की बाहेरचा पेशंट दार ढकलून बघायला आला.

मग शुक्रवारचा अंक आला. तू तो वाचलायस ना? पहिलं पान? तो कारकून शुद्धीवर आलाय. साडेचारला मारलं म्हणतो, आणि गाडीत बसून बोटानं मला दाखवून देणारा माणूस स्वतः नगराध्यक्ष होता म्हणतो. खाली अध्यक्षांचं म्हणणं छापलंय. ‘रविवारी तीन ते सहा मी मैदानावरून हललो नाही. हजार माणसं साक्षीला आहेत.’

आणि तीनच दिवस आधी त्याच पेपरात, चौथ्या पानावर, तू त्यांना चार दहाला गाडीत बसवून बाहेर पाठवलंस. घड्याळ लावून.

त्या हजार माणसांत तोंड उघडणारं कुणी नाही, म्हणूनच ते इतक्या खुशाल बोलतात. लेखी फक्त तुझं आहे. आणि तुझ्यामागे आप्पांची वही. मला रात्रभर झोप नाही. ताबडतोब लिही.

ताई

२१ जानेवारी

ताई,

तू एक्स-रे काढून काढून अशी झालीस की कुणाच्याही आत काहीतरी मोडलेलंच बघतेस. माझं सदर वाचतं कोण? तू, आप्पा आणि मुद्रितशोधक. त्यातला मुद्रितशोधक पगार घेऊन वाचतो. अध्यक्षांना पहिल्या पानावर स्वतःचा फोटो बघण्यातून चौथ्या पानापर्यंत यायला सवड कुठली?

सगळं ठीक आहे. पालिकेची निवडणूक जवळ आल्यामुळे रस्त्यांवर डांबर दिसायला लागलंय, एवढीच बातमी.

आप्पांना महिनाभर तुझ्याकडे पाठवू का? हवापालट होईल. आणि रविवारचा फोन काही दिवस नको. फार खरखर येते. पत्रच बरं, तेही घरी नको, कोर्टात वकिलांच्या खोलीच्या पत्त्यावर टाक.

धाकटा

२५ जानेवारी

धाकट्या,

तू वकील कसा झालास देव जाणे. तुला साधी थाप मारता येत नाही.

ऐन हंगामात आप्पा मैदान सोडून हवापालटाला येतील? आईच्या वर्षश्राद्धालाही सामना आटोपून आलेले ते. फोनची खरखर तुला याच महिन्यात ऐकू आली? आणि घरी पत्र का नको? घरी पत्र कोण उघडतंय?

तुझ्या भाऊजींना काही सांगितलेलं नाही. तू मला सांगणार नसशील तर मी उद्या रजा टाकून येते. काय झालंय?

ताई

२८ जानेवारी

ताई,

येऊ नकोस. सांगतो.

एकोणीस तारखेला, म्हणजे मी तुला ते थट्टेचं पत्र लिहिलं त्याच्या दोन दिवस आधी, अध्यक्षांचा मेहुणा माझ्या ऑफिसात आला होता. तुला माहितीये ना माझी खोली, औषधांच्या दुकानावरची, दोन खुर्च्यांत भरते ती. तो अशिलाच्या खुर्चीत बसला. पांढरे बूट, कपाळावर आठी नाही, आवाज मऊ. टेबलावरचा पेपरवेट उचलून बघितला, जागच्या जागी ठेवला. म्हणाला, “काय झकास लिहिता हो तुम्ही. घरात सगळ्यांना वाचून दाखवलं.”

मी म्हटलं, “साधा विनोद होता.”

“विनोदच तो. पण लोक विनोद खरा धरतात. आप्पा बरे आहेत ना? रोज सहाला कालव्याच्या कडेनं फिरतात. एकटेच. या वयात पाय घसरला बिसरला तर? मला आपली काळजी वाटते.”

मी पेपरवेट माझ्याकडे ओढून घेतला. मग तो म्हणाला, “दर रविवारी तुमच्या बहिणीचा फोन येतो. चांगलं आहे. नाती टिकवावीत.” आणि उठता उठता, “ती वही एकदा बघायला मिळाली असती तर बरं झालं असतं. आणि पेपरात छोटीशी दुरुस्ती.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आप्पांच्या मागून लांबून चालत गेलो. त्यांच्या मागे एक मोटारसायकल होती, माणसाच्या चालीनं चाललेली. पार पुलापर्यंत. घरी येऊन आप्पा म्हणाले, “त्या माणसानं सायलेन्सर बघून घ्यायला हवा.” आता रोज मी त्यांच्याबरोबर जातो. मला डॉक्टरनं चालायला सांगितलंय, असं त्यांना सांगितलं. घरी आलेल्या दोन पाकिटांचा डिंक ओला होता. रात्री कडी लावली की पुन्हा उठून बघतो. कोर्टात पुकारा झाला तरी दचकतो.

आणखी एक. परवा त्या कारकुनाची बायको आली होती. हातात माझ्या सदराचं कात्रण. अध्यक्षांनी खटल्यातून नाव काढून टाकायचा अर्ज केलाय, सोबत कोट ठेवलेल्या खुर्चीचा फोटो. ती म्हणाली, “वही मिळाली तर त्यांचा अर्ज टिकणार नाही. सहा वकिलांकडे जाऊन आले. तुम्ही सातवे.” मी सांगितलं, वही क्लबच्या कुलपात असते, माझ्या हातात काही नाही. ताई, वही आप्पांच्या कपाटात आहे, माझ्या उशापासून दहा पावलांवर. ती ‘बरं’ म्हणाली आणि जिना उतरली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

आप्पांना विचारलं, “वेळ चुकली असं म्हणता येईल का?” ते म्हणाले, “तुला म्हणता येईल. वहीला नाही येणार.” मोटारसायकलचं त्यांना कळलंय की नाही, मला कळत नाही.

काय करू सांग.

धाकटा

१ फेब्रुवारी

धाकट्या,

वही देऊन टाक. दुरुस्ती छाप. आजच्या आज.

मी अशी माणसं रोज बघते. गाडीवरून पडले म्हणून आणतात आणि हाडं सांगतात की पडलेले नाहीत. मागच्या वर्षी एक म्हातारा आणला होता, विहिरीत पाय घसरून पडलेला. दोन्ही मनगटं सारख्याच जागी मोडलेली. मी फिल्म लावली, डॉक्टरांनी बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि कागदावर ‘अपघात’ लिहिलं. मीही गप्प बसले. तेव्हापासून मला आप्पांची मनगटं डोळ्यांपुढे येतात.

त्या बाईचं वाईट वाटतं. पण मला न्याय नकोय, मला बाप हवाय. जगात काय आपण एकटेच आहोत का खरं बोलायला? आप्पांना विचारू नकोस, ते नाहीच म्हणणार. ते आंघोळीला गेले की काढ. त्यांनी तुझ्याशी बोलणं टाकलं तर टाकू देत, जिवंत राहून टाकतील.

सगळं पाप माझ्या माथ्यावर. हे पत्र वाचून फाडून टाक.

ताई

८ फेब्रुवारी

ताई,

केलं. रविवारी आप्पा आंघोळीला गेल्यावर वही काढली आणि नेऊन दिली. कालच्या अंकात दुरुस्ती आली आहे. ‘या सदरात दिलेली वेळ विनोदासाठी कल्पिली होती. अध्यक्ष सामना संपेपर्यंत मैदानावरच होते. गैरसमजाबद्दल दिलगीर आहे.’

मेहुण्यानं चहा पाजला. मोटारसायकल आली नाही.

आप्पांनी दुरुस्ती वाचली, पेपराची घडी घातली, कपाट उघडलं, बंद केलं. तेव्हापासून बोलतच नाहीत. स्वयंपाक दोन्ही वेळा तेच करतात.

आता सगळं संपलं. काळजी करू नकोस.

धाकटा

१३ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी दहा तास झोपले. सकाळी उठून पुन्हा वाचलं आणि तशीच लिहायला बसले.

एवढ्याशा पत्रात एकही थट्टा नाही. तू आई गेली तेव्हाच्या पत्रातही भटजींच्या दक्षिणेवरून टोमणा मारला होतास. चहा पाजला म्हणतोस. चहा पिताना काय बोलणं झालं? वही नुसती घेतली की चाळली? आप्पांचा अबोला मला समजतो. तुझा समजत नाही.

अजून काहीतरी आहे. सांग.

ताई

२० फेब्रुवारी

ताई,

आहे. लिहायला हात होत नव्हता.

मेहुण्यानं वही चाळली. सामन्याचं पान काढलं, चार दहाच्या नोंदीवर बोट फिरवलं, आणि पानाच्या तळाशी थांबला. “या दोन सह्या कशा?”

मी म्हटलं, “गुणलेखक दोन असतात. प्रत्येक संघाचा एक. शेजारी बसतात, दर षटकानंतर ताळा करतात, शेवटी एकमेकांच्या वहीवर सही करतात.”

“म्हणजे त्याच्याही वहीत हे असणार?”

“हो.”

“कोण तो?”

मी सांगितलं, ताई. थिएटरमागचा शिंपी म्हणून सांगितलं. दोन सेकंदही थांबलो नाही. लोकांना मी तीन तीन तास उलटतपासणीत रगडतो, तरी एखादा अडाणी माणूस दाद देत नाही. मी एका प्रश्नात फुटलो. चहासुद्धा अर्धा प्यायचा होता.

त्याच आठवड्यात शिंप्याचं दुकान फोडलं. गल्ल्याला हात लावला नाही. शिवून तयार ठेवलेले लोकांचे कपडे, सगळेच्या सगळे, त्याच्याच कात्रीनं उभे कापून ठेवले होते. मी बघ्यांच्या गर्दीत उभा होतो. तो एकेक तुकडा उचलून कुणाचा कपडा ते ओळखत होता.

परवा शनिवारी संध्याकाळी तो आमच्या घरी आला. उकडत होतं तरी अंगात जाड कोट. खुर्चीवर बसला, कोट काढला, खिशातून छोटी कात्री काढली आणि माझ्या टेबलावर अस्तराची शिवण उसवायला लागला. आत त्याची वही. दुकान फोडलं तेव्हा ती त्याच्या अंगावर होती.

म्हणाला, “वकीलसाहेब, ही तुमच्याकडे ठेवा. कोर्टात द्यायची तर द्या.”

आप्पा दारात उभे होते. मला राहवलं नाही. मी म्हटलं, “माझ्याकडे कशी ठेवता? आप्पांची वही मीच त्यांना दिली. तुमचं नावही मीच सांगितलं.”

तो मान खाली घालून दोरे वेचत होता. म्हणाला, “माहितीये. तुमचं नाव घेऊनच ते आधी दुकानात वही मागायला आले होते.”

“मग?”

“मग काय! तुम्ही घाबरलात म्हणून सांगितलंत. मीही घाबरलोय. पंधरा दिवस झोपलेलो नाही. पण न घाबरणाऱ्या माणसाकडे ठेवायची म्हटलं, तर गावात न घाबरणारे तेवढे तेच आहेत. त्यांच्याकडे नेऊन ठेवू?”

मला रडू आलं. सांगायला लाज वाटत नाही.

आप्पा अकरा दिवसांनी पहिल्यांदा बोलले. शिंप्याला म्हणाले, “दुकान किती वाजता उघडता?” तो म्हणाला, “नऊला.” आप्पांनी मग माझ्याकडे बघितलं. “नाव आपल्या घरातून गेलंय. राखणही आपल्याच घरातून व्हायला पाहिजे.” काल सकाळी नऊला ते दुकानात बाकावर जाऊन बसले ते कुलूप लागेपर्यंत. आजही बसलेत. मोटारसायकल रस्त्यापलीकडे उभी असते. मी दर तासाला कोर्टातून जाऊन बघून येतो.

आज अकरा वाजता कारकुनाच्या बायकोच्या अर्जासोबत ती वही कोर्टात दाखल केली. पोच घेतली. तिला मी कुलपाचं खोटं सांगितलं होतं तेही सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “तारखेला याल ना?” सहा मार्चला माझी साक्ष आहे. साक्षीदार आहे म्हणून मला वकील म्हणून उभं राहता येत नाही, पिंजऱ्यातच उभं राहायचंय.

त्यांचे वकील काय विचारणार ते मला आत्ताच ऐकू येतंय. आधी एक लिहिलंत, मग दुरुस्ती छापलीत, आता तिसरंच सांगताय; खोटं नेमकं कधी बोललात? दुरुस्ती धाक दाखवून छापायला लावली म्हणता, पुरावा काय? ऑफिसात आम्ही दोघंच होतो. माझा शब्द एवढाच पुरावा, आणि त्याची किंमत मीच घालवून बसलोय.

धाकटा

२३ फेब्रुवारी

धाकट्या,

पुरावा माझ्याकडे आहे.

तुझं अठ्ठावीस जानेवारीचं पत्र. मेहुणा आला ती तारीख, तो काय बोलला, कालवा, मोटारसायकल, पेपरवेटसुद्धा. दुरुस्ती छापून यायच्या दहा दिवस आधी लिहिलेलं, पाकिटावर दोन्ही गावांच्या टपालाचे शिक्के. तेव्हा तुला साक्ष द्यायची नव्हती, लपायचं होतं. ते वाचून कुणी म्हणणार नाही की कोर्टासाठी रचलंय.

पण एकच पत्र द्यायचं नाही. ते विचारतील, बाकीची कुठे आहेत? तुझी पाचही पत्रं मी पाकिटांसकट एकत्र बांधली आहेत. त्यात तू त्या बाईशी खोटं बोललास ते आहे. शिंप्याचं नाव दिलंस ते आहे. तुझ्या वकिलीचं याने काय होईल ते मला कळतं, तुला माझ्याहून जास्त कळतं. काल गाठोडं दोनदा सोडून बसले होते, शेवटचं पत्र काढून ठेवावं म्हणून. नाही काढलं.

आणि माझी पत्रं तुझ्याकडे आहेत. एक तारखेचं फाडून टाक म्हणाले होते. तू लहानपणापासून माझं कधी ऐकलं नाहीस, तेव्हा ते असणारच. ते सगळ्यात वर ठेव. दुरुस्ती का छापली असं विचारलं की सांग, एक कारण मेहुणा आणि दुसरं माझी बहीण. कोर्टानं मलाही बोलावलं तर मी येईन. विहिरीतल्या म्हाताऱ्याचं मी त्यात लिहिलंय. त्याबद्दलही विचारतील. इथल्या डॉक्टरांना ते कळेल आणि मग माझ्या नोकरीचं काय व्हायचं ते होईल. मी तेव्हा गप्प बसले होते, पाच पत्रं वाचताना मला सारखं तेच आठवत होतं.

तुझ्या भाऊजींना आता सगळं सांगितलंय. ते आधी ओरडले, मग माझी पिशवी भरायला लागले.

टपालावर माझा भरवसा नाही. बुधवारच्या गाडीनं गाठोडं घेऊन मीच येते. संध्याकाळी पाचला पोचेन. मला फार भीती वाटतेय, धाकट्या. स्टँडवर घ्यायला ये, एकटाच ये. आप्पांना आणू नकोस. त्यांना दुकानात बसू दे.

ताई